बोलणं भरकटलं म्हणजे माणूस भरकटला का? (मामा, गॅसवाला आणि ७४ प्रश्न)

पेठेतला | रविवार, रात्री १०.४०

भाची शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. गेल्या आठवड्यात वर्गात 'स्किझोटायपी' झालं. तिच्याकडून मला कळलं ते असं : काही माणसांना आजार झालेला नसतो, होईलच असंही नसतं, पण त्यांची विचार करायची, जगाकडं बघायची आणि बोलायची ढब स्किझोफ्रेनियाच्या (वास्तवाशी नातं तुटणाऱ्या मानसिक आजाराच्या) अंगानं थोडी कललेली असते. ते मोजायला ७४ प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली आहे, एड्रियन रेन यांनी १९९१ मध्ये केलेली. आज मटण हाणून सगळे आडवे झाल्यावर तिनं ती घरातल्या सगळ्यांकडून भरून घेतली. (मटणानंतर कोल्हापूरकराकडून काहीही भरून घेता येतं, हे विमा एजंटांना अजून कळलेलं नाही.)

मामा पहिले आले. नको त्या परीक्षेत.

बोलण्याबद्दलच्या प्रश्नांवर तर सगळीकडं 'हो'. विषय सोडून जाता का, हो. लोक म्हणतात का की तुमचं बोलणं कळत नाही, हो. मामा म्हणजे उद्यमनगरात मोल्डर म्हणून आयुष्य घालवलेला माणूस, वय ६८, संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर ठरलेली जागा. नमुना देतो. मी विचारलं, "मामा, गॅसवाला येऊन गेला का?" उत्तर जसंच्या तसं :

"गॅसवाला व्हय? त्येचा थोरला भाऊ चिखलीला असतोय. पुराच्या साली त्येंच्या घरात पाणी शिरलं, आमी म्हशी काढाय गेल्तो. मुऱ्हा न्हवं, पंढरपुरी. शिंगं हीऽऽ एवढी, दारातनं निघंना झाली. तर पंढरपुरीचं दूध मी सकाळी गंगावेशीतनं आणलं, तापवाय ठेवलं, आन् गॅस गेला की. मग फोन लावला. अकराला आल्ता."

भाची म्हणाली, "हे बघ, क्लासिक!" सगळे हसले. मामी हसली नाही. मामांची एक आत्या वाऱ्याशी बोलायची म्हणे, तिला शेवटी माडीवर कोंडून ठेवलं होतं. रात्री मामीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्येंचं पण तसंच हुणार काय?" मला उत्तर देता आलं नाही. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

तांबडा_पांढरा | रात्री १०.५२

भावा, या हिशोबानं अख्खा रंकाळा ऍडमिट करावा लागंल. आमच्या तालमीसमोरच्या कट्ट्यावर तर मुद्द्यावर येणाऱ्यालाच खुळा म्हणतात.

शुक्रवारपेठ_शुक्रतारा | रात्री ११.०५

रुमाल टाकून ठेवते. मामांना दंडवत.

मिरजेचा_वैद्यबुवा | सोमवार, सकाळी ७.१५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. आधी मामींना सांगा, झोपा. बाकी सविस्तर लिहितो.

स्किझोफ्रेनिया हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरला. त्यांच्या मते मूळ बिघाड आवाज ऐकू येणं किंवा संशय हा नव्हता, तर विचारांमधली सांधेजोड सैल पडणं हा होता. आता विचार काही डोळ्यांना दिसत नाहीत. सांधेजोड दिसायची तर बोलण्यातच दिसणार. म्हणून गेली शंभरेक वर्षं आमचा धंदा लोकांचं बोलणं कान देऊन ऐकण्यावर चाललाय. पुढे १९६२ मध्ये पॉल मील यांनी मांडलं की काही जणांनाच जन्मतः एक कच्चेपणा मिळतो, तो बाळगणाऱ्या बहुतेकांचं आयुष्यभर काही बिघडत नाही, थोड्यांचं बिघडतं. ऑक्सफर्डचे गॉर्डन क्लॅरिज त्याहून पुढे गेले. त्यांचं म्हणणं, हे उंचीसारखं आहे, प्रत्येकात कमी-जास्त असतंच. मी स्वतः क्लॅरिज यांच्या बाजूचा. रोज ओपीडीत बसून मील यांच्या बाजूनं राहणं अवघड जातं.

आता मामांचं उत्तर पुन्हा वाचा. पूर, म्हैस, शिंगं, दूध, आणि शेवटी 'अकराला आल्ता'. ही आपली केएमटीची सिटी बस आहे. सगळे थांबे घेते, मधे कुणासाठी तरी उगाच थांबते, पण पाटीवर लिहिलेल्या ठिकाणी पोहोचते. याला आम्ही पाल्हाळ म्हणतो. आम्हाला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. गॅसवाल्याचं विचारलं, म्हशीवर गेले आणि तिथून परत आलेच नाहीत. किंवा परत येण्यासारखं काही होतं याचीच आठवण राहिली नाही. नॅन्सी अँड्रियासन यांनी १९७९ मध्ये या सगळ्या प्रकारांच्या नेटक्या व्याख्या बांधल्या. त्यातून एक गैरसोयीची गोष्टही पुढे आली : बोलण्याचे हे बिघाड उन्मादाच्या (मेनियाच्या) रुग्णांतही भरपूर सापडतात. म्हणजे नुसत्या बोलण्यावरून आजाराचं नाव सांगता येत नाही.

आत्याबद्दल : लोकसंख्येत ढोबळमानानं शंभरात एकाला किंवा त्याहूनही कमी लोकांना हा आजार होतो. आईवडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर शंभरात दहाच्या आसपास. आत्या त्याहून लांबचं नातं. शिवाय आजार सुरू होतो तो बहुधा सोळा ते तिशी-पस्तिशीच्या दरम्यान. मामा ६८ चे आहेत, ती बस गेली. उलट या वयात बोलणं अचानक बदललं तर मनोविकारतज्ज्ञाच्या आधी फिजिशियन गाठा. रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीचा संसर्ग, मेंदूतला छोटा झटका, काहीही निघतं.

पेठेतला | सकाळी ८.०२

डॉक्टर, मामीला वाचून दाखवलं. "ती बस गेली" यावर पहिल्यांदा हसली.

एकच शंका. प्रश्नावलीत दुसऱ्याच्या मनातलं कळतं का, अदृश्य शक्ती जाणवते का, असले प्रश्न आहेत. मामीनं सगळ्याला 'हो' म्हटलं. ती दर चैत्रात जोतिबाला जाते, तिच्या जावेच्या अंगात येतं.

मिरजेचा_वैद्यबुवा | सकाळी ८.२०

स्किझोटायपल व्यक्तिमत्त्वाच्या निकषात स्पष्ट अट आहे की श्रद्धा त्या माणसाच्या समाजाच्या रीतीशी विसंगत असावी. चैत्रात डोंगरावर गुलालात न्हालेले लाखभर लोक जे मानतात ते मानणं विसंगत नव्हे. जाऊबाईंच्या अंगात रोज स्वयंपाकघरात, एकट्या असताना, कुणालाच न कळणाऱ्या कारणानं येऊ लागलं तर घरच्यांनाच आधी कळेल. ते तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

आरोपी_भाची | दुपारी १.३०

मीच ती. 'क्लासिक' म्हटल्याबद्दल आज मॅडमकडून बोलणी खाल्ली. प्रश्नावली अशी घरात वाटत नाहीत, तेही मटणावर.

पण एक सांगण्यासारखं वाचलं. या स्वभावाची माणसं स्वतःबद्दल फार तक्रार करतात : मला नीट बोलता येत नाही, डोकं चालत नाही. प्रत्यक्ष चाचणी घेतली की फरक अगदी किरकोळ निघतो. अमेरिकेत ॲलेक्स कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्यावर बरंच काम केलंय. मग प्रश्न पडतो, खोटं कोण बोलतंय, माणूस की चाचणी? एक शक्यता अशी की शांत खोलीत, एका गोड बाईसमोर बसून बोलताना कुणाचंच बोलणं बिघडत नाही. डोक्यावर ताण आला, एका वेळी दोन कामं करायला लागली की फटी दिसतात.

म्हणून काहींनी प्रयोगशाळाच सोडली. मथायस मेल यांनी एक छोटं यंत्र केलं, ते माणसाच्या अंगावर राहतं आणि दिवसभरात अधूनमधून काही सेकंद आपोआप ध्वनिमुद्रण करतं. केव्हा चालू झालं ते त्या माणसाला कळत नाही. २००७ मध्ये याच यंत्रावरून दाखवलं गेलं की बायका आणि पुरुष दोघंही दिवसाला साधारण १६ हजार शब्द बोलतात. (आमच्या घरात हे कुणालाच पटलं नाही.) तेच यंत्र नंतर स्किझोटायपीच्या अभ्यासात आलं. भाजीवाल्याशी, आईशी, रूममेटशी माणूस कसा बोलतो ते ऐकायचं. मला हे जास्त खरं वाटतं.

विभक्ती_प्रत्यय | दुपारी २.१०

मी भाषाविज्ञानवाली, म्हणून चोंबडेपणा करते.

नॅन्सी डोचर्टी यांची एक मोजपट्टी आहे. त्यात विषय भरकटला का हे बघत नाहीत. ऐकणाऱ्याचा पाय कुठं कुठं अडखळला ते मोजतात. बोलणारा 'तो' म्हणाला आणि कोण तो ते कळायला मार्गच नाही. 'ते तसलं' म्हणाला आणि कसलं ते सांगितलंच नाही. दर शंभर शब्दांमागे अशा जागा किती, तो आकडा. आणि त्याच माणसाला आधी आनंदाची आठवण सांगायला लावली, मग त्रासाची, तर बऱ्याच रुग्णांत त्रासाच्या आठवणीत हा आकडा चढतो.

आता हे कोल्हापुरात लावा. "आगं, त्येचं त्ये हे झालं का?" "झालं की, पर त्यो हे म्हणत हुता." या दोन वाक्यांत एकाही 'हे'चा पत्ता नाही, आणि दोघींना सगळं कळलंय. गडबड शब्दात नसते, दोघांच्या मधल्या सामाईक माहितीत असते. मोजणारा बाहेरचा असेल तर त्याला अख्खी पेठ आजारी वाटेल.

दुसरं, इंग्रजीतल्या अभ्यासांत 'मी' हे सर्वनाम किती वेळा येतं ते मोजायची पद्धत आहे. मराठीत "काल गेलो, बघितलं, वैतागलो, परत आलो" यात 'मी' एकदाही नाही आणि माणूस मी-मीच करतोय. क्रियापदात लपलेला 'मी' मोजायला आधी व्याकरण लागतं. तिसरं, अर्थापेक्षा आवाजावरून शब्दाला शब्द जोडत जाणं हे एक लक्षण मानतात. मग आपल्या जेवणबिवण, पाणीबिणीचं काय करायचं?

कागलचा_कोडर | दुपारी ३.४५

वि.प्र. यांना +१. यंत्राच्या बाजूचं मी सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर 'संगणक आता वेड आधीच ओळखणार' असले फॉरवर्ड फिरतात.

ते जिथून निघालं तो अभ्यास २०१५ चा, न्यूयॉर्कचा, बेदी आणि सहकाऱ्यांचा. धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या ३४ तरुणांच्या मुलाखती. शब्दांचे अर्थ आकड्यांत मांडून एका वाक्यातून पुढच्या वाक्यात जाताना अर्थानं किती लांब उडी मारली ते मोजलं. वाक्यांची लांबीही बघितली. पुढे ज्यांना आजार झाला ते सगळे यंत्रानं बरोबर ओळखले. शंभर टक्के! किती जण होते ते? ५. फॉरवर्डमध्ये हा ५ कधीच नसतो. नंतर २०१८ मध्ये मोठ्या गटांवर तीच रीत वापरली तेव्हा अचूकता ८३ टक्के आली, दुसऱ्या शहरातल्या गटावर ७९. तरीही चांगलीच, खोटं कशाला बोलू.

पण गणित करा. धोक्यात असलेल्यांना सोडा, एखाद्या कॉलेजातली सरसकट १००० पोरं घेतली. समजा त्यातल्या १० जणांना पुढं आजार होणार आहे. यंत्र दोन्ही बाजूंनी ८० टक्के बरोबर. ते खऱ्या १० पैकी ८ पकडेल आणि धडधाकट ९९० पैकी १९८ जणांवरही बोट ठेवेल. म्हणजे २०६ घरांत रडारड, त्यातल्या ८ घरांत कारण असलेली. हे ॲप कुणी काढलं तर मी पहिला आडवा पडणार.

कलापूरचा_खुळा | सायंकाळी ६.००

सगळे आजाराच्या बाजूनंच बघताय. डॅनियल नेटल यांनी २००६ मध्ये कवी, चित्रकार आणि गणिती यांची तुलना केली होती. विचित्र अनुभवांच्या मोजपट्टीवर कवी-चित्रकारांचे गुण रुग्णांच्या आसपास पोहोचले. गणिती सामान्य माणसांच्याही खाली. पण कवींमध्ये एक गोष्ट रुग्णांसारखी नव्हती : मन मरून जाणं, कशातच गोडी न वाटणं. लांबची उडी मारायची हौसही होती आणि परतायची ओढही. आमच्या गावात 'नाद खुळा' ही शाबासकी आहे हे उगाच नाही.

नाव_नको | रात्री ९.३३

सगळं वाचलो. खुळा शब्दावरनं हसू येतं तसं पूर्वी मलाही यायचं. आता येत नाही. रागावू नका, सांगतो.

माझा धाकटा भाऊ. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, वय २०. लई बोलका. घरात आला की पायातली चप्पल काढायच्या आधी गोष्ट सुरू. आणि दर दोन वाक्यांनी विचारायचा, "कळलं न्हवं?" आम्ही चिडायचो त्याच्यावर, आम्ही काय बहिरे हाय काय म्हणून.

पहिल्यांदा काय गेलं तर ते 'कळलं न्हवं' गेलं. त्याच्यानंतर काही महिन्यांनी बाकीचं. हे मला आत्ता कळतंय, तेव्हा नाही कळलं. तेव्हा वाटलं, मोठा झाला, शांत झाला. उत्तरं तोकडी झाली. हो, नाही, बघतो. मग मधेच एकदम लांबलचक बोलायचा आणि कुठनं सुरू झालं ते आम्हाला माहीतच नसायचं, जणू अर्धं आधीच सांगून झालंय. एकदा जेवताना म्हणाला, "सर माझ्याशी पिवळं बोलले." मी विचारलो, पिवळं म्हणजे? तो माझ्याकडं असा बघितला की मीच खुळी. त्याच्या डोक्यात त्या शब्दाला पक्का अर्थ होता. आम्हाला सांगायला पाहिजे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

आम्ही बाहेरचं समजून आठ महिने फिरलो. नारळ, लिंबू, उतारे, सगळं. दोष कुणाला देत नाही, आई घाबरली होती. शेवटी डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पूर्वी कसा बोलायचा?" आणि आम्हाला कुणालाच सांगता येईना. बोलायचा चांगला, एवढंच. मग मामेबहिणीच्या फोनमध्ये त्याचा जुना व्हॉइस नोट सापडला. पन्हाळ्याला जायचं ठरवत होता, तीन मिनिटांचा. कोण कुठं थांबणार, कुणाच्या गाडीत पेट्रोल नाही, मधे दोन जोक. आणि चार वेळा "कळलं न्हवं?" डॉक्टरांनी तो दोनदा ऐकला. मी बाहेर जाऊन रडलो.

आता औषधावर आहे, चार वर्षं झाली. चुलत्याच्या दुकानात बसतो. हळू बोलतो, पहिल्यासारखं नाही. हिशोब चोख ठेवतो.

पुणेरी_पगडी | रात्री ९.४०

फार हेलावून गेलो. पण एक विचारू का? 'वाचलो', 'विचारलो' आणि मधेच 'खुळी'. तुम्ही दादा आहात की ताई?

विभक्ती_प्रत्यय | रात्री ९.४४

पगडीकाका, ही कोल्हापूरची बाई आहे. इथं बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. दुपारी बाहेरच्या कानाबद्दल लिहिलं होतं, तुम्ही रात्रीपर्यंत उदाहरण होऊन आलात.

ताई, 'कळलं न्हवं'बद्दल तुम्ही लिहिलंत ते आमच्या पुस्तकांत इतक्या साध्या शब्दांत सापडत नाही.

मिरजेचा_वैद्यबुवा | रात्री १०.१५

ताई, ते आठ महिने स्वतःच्या माथी मारून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्यांत आठ महिने ही कमी मुदत आहे. मात्र इतर वाचणाऱ्यांसाठी : उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो तितकं नंतर सावरणं जड जातं, म्हणून देवाचं करायचं ते करा, पण डॉक्टरचं त्याच आठवड्यात करा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जायचं की नाही ठरत नसेल तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात.

आणि तुमच्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न हाच खरा. मामा चाळीस वर्षं असेच बोलत असतील तर तो त्यांचा स्वभाव. तुमच्या भावाचं बोलणं त्याच्या स्वतःच्याच बोलण्यापासून लांब गेलं होतं. मी दोन माणसांची तुलना करत नाही. माणसाची त्याच्या मागच्या वर्षाशी करतो. जवळच्यांना ती माझ्यापेक्षा चांगली करता येते, फक्त कुणी विचारत नाही.

उंबरठ्यावरच्या, म्हणजे सौम्य लक्षणं असलेल्या तरुणांतही दोन-तीन वर्षांत पूर्ण आजार होणारे साधारण पाचात एक ते चारात एक. बहुतेकांना होत नाही. म्हणून 'कळलं न्हवं' बंद झालं की लगेच पोराला धरून आणू नका. आधी शेजारी बसा. झोप कशी आहे, मित्र सुटले का, कॉलेज बुडतंय का, ते बघा.

आरोपी_भाची | रात्री १०.३०

नाव नको ताई, माझ्या प्रोजेक्टचा विषय आजच बदलला. धन्यवाद म्हणणं बरोबर दिसत नाही, तरी.

पेठेतला | मंगळवार, सायंकाळी ७.५०

आज मामांना कट्ट्यावर गाठलं. त्या प्रश्नाला 'हो' का लिहिलं विचारलं. म्हणाले, "लोक म्हणतात का, आसं इचारलं हुतं. तुझी मामी रोज म्हणत्ये. खोटं कशाला लिवू?" ७४ प्रश्नांच्या शास्त्राची ही बाजू भाचीनं वहीत लिहून घेतली आहे.

त्यांना विचारूनच फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं. आत्ता काही झालंय म्हणून नाही, पुढं कधी कुणी विचारलं तर असावं म्हणून. प्रश्न तोच विचारला, गॅसवाल्याचा.

नाव_नको | रात्री ८.१०

बरं केलासा. माझा भाऊ आज दुकान बंद करताना गिऱ्हाईकाला सुट्ट्या पैशांचं समजावत होता आणि मधेच म्हणाला, कळलं न्हवं. एकदाच. मी मोजलो.

तांबडा_पांढरा | रात्री ८.१४

ताई, खुळ्याचा जोक माझाच होता. चुकलं.

पेठेतला भावा, रेकॉर्डिंगमध्ये गॅसवाला आला का पण?

पेठेतला | रात्री ८.२०

आला. चौथ्या मिनिटाला. या वेळी म्हशीच्या जागी बैल होता, वेळ मात्र अकराचीच.